फासे नशिबाचे, चाल आपली

गेल्या उन्हाळ्यात वाशिमला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याची बारावी झालेली, पुढच्या प्रवेशाचे फॉर्म भरायचे दिवस. रात्री जेवताना विचारलं, ‘पुढे काय ठरवलंस?’ ताटातून मान वर न करता तो म्हणाला, ‘मामू, जो नसीब में होगा।’ बहिणीने माझ्याकडे पाहिलं. तिला तो वाशिममध्येच राहायला हवा होता, हे मला माहीत होतं. विषय तिथेच थांबला.

तासाभराने त्याच्या खोलीत डोकावलो. जुन्या लॅपटॉपवर ‘अंडरटेल’ नावाचा गेम सुरू होता. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने २०१५ मध्ये काढलेला, दिसायला अगदी साधा. राक्षसांच्या जगात पडलेल्या एका लहान मुलाची ही गोष्ट. तिथे तोरिएल नावाची एक आईसारखी राक्षसीण त्याला घरी नेते, खाऊ घालते. पण मुलाला बाहेर जायचं असतं, तेव्हा ती दारात आडवी उभी राहते. खेळणाऱ्यासमोर दोन वाटा असतात, लढायचं किंवा दया दाखवायची. भाचा कितीतरी वेळ कळ न दाबता बसून होता. मी म्हटलं, ‘काय झालं?’ तो म्हणाला, ‘मागच्या वेळी मारली हिला. वाईट वाटलं म्हणून गेम परत मागून सुरू केला. या वेळी सोडली, तर त्या फुलाने सांगितलं की मला माहीत आहे तू आधी काय केलंस.’ आता तो तिसऱ्यांदा त्याच दारापाशी आला होता.

जेवणाच्या ताटावर सगळं नशिबावर सोडणारा हा मुलगा पडद्यावरच्या एका निवडीने रात्रभर अस्वस्थ होता. हा विरोधाभास माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याच्या मागे लागलो तेव्हा कळलं, की खेळ, गोष्ट आणि माणसाचा इख्तियार या तिघांचं नातं फार जुनं आहे. त्यातला काही धागा तर आपल्या वाशिमपर्यंत येतो.

वत्सगुल्मचा गोष्ट बदलणारा राजा

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. शाखेचा संस्थापक सर्वसेन हा इसवी सनाच्या चौथ्या शतकातला. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती, त्याचा ताम्रपट वाशिमलाच सापडला. याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. दहाव्या शतकातल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते विदर्भातल्या याच वत्सगुल्म नगरात.

सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ लिहिलं. कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, ती ही कथा. आज हे काव्य उपलब्ध नाही. पण काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त त्याचा उल्लेख केला आहे, आणि तो कशासाठी केला ते महत्त्वाचं आहे. परंपरेने आलेली कथा रसाच्या आड येत असेल तर कवीने ती बदलावी, असं सांगताना त्याने कालिदासाबरोबर सर्वसेनाचं उदाहरण दिलं. म्हणजे सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी वाशिमच्या एका राजाने ‘गोष्ट अशीच आहे’ हे मान्य केलं नव्हतं.

पण इथे निवड कवीची होती. ऐकणाऱ्याला ती नव्हती. गोष्टीतलं पात्र चुकीच्या वाटेने निघालं, तरी श्रोता हळहळण्यापलीकडे काही करू शकत नव्हता. याचंही उदाहरण विदर्भाचंच आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त शेवटी विदर्भाच्या अनंतवर्मा राजाची कथा येते. म्हातारा मंत्री वसुरक्षित त्याला राजनीती शिक, म्हणून सांगतो. विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्या शिकवणीची टिंगल करतो, राजाला मौजमजेकडे ओढतो. राजा दुसऱ्याचं ऐकतो. शेजारचा अश्मकांचा राजा या ढिलाईचा फायदा घेतो, मांडलिक फितूर होतात, राजा लढाईत मारला जातो आणि राणी लेकरांना घेऊन पळते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते या कथेत वत्सगुल्मच्या वाकाटकांच्या अखेरीचं प्रतिबिंब आहे.

दोन सल्लागार, एक निवड, आणि राज्याचा निकाल. आजचा कोणताही रोल-प्लेइंग गेम करणारा या प्रसंगावर उडी मारेल. फरक एवढाच, की दंडीच्या श्रोत्याला वसुरक्षिताच्या बाजूने उभं राहता येत नव्हतं.

चौलला आलेला प्रवासी

श्रोत्याला निवड नव्हती, पण खेळणाऱ्याला होती. या फरकावर पहिल्यांदा नीट विचार करणाऱ्यांमध्ये मुसलमान विचारवंत होते. त्यांतला एक तर आपल्या किनाऱ्यावर येऊन गेलेला.

अबुल हसन अल-मसऊदी हा बगदादचा इतिहासकार. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास तो सैमूरला होता. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलं चौल. तिथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता आणि वर राष्ट्रकूटांची सत्ता होती. या बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर काही इथेच जन्मलेले. त्यांच्या कारभारासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. महाराष्ट्रातला मुसलमान तलवारीबरोबर आला, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. त्यांनी हे पान वाचायला हवं.

याच मसऊदीने ‘मुरूज अज़-ज़हब’ या ग्रंथात हिंदुस्थानातल्या हस्तिदंताबद्दल लिहिलं, की त्याचा मोठा वापर शतरंज आणि नर्दच्या सोंगट्या करण्यासाठी होतो. नर्द म्हणजे फाशांचा खेळ, आजच्या बॅकगॅमनचा पूर्वज. शतरंज तर आपल्या चतुरंगातूनच निघालेला. या दोन खेळांबद्दल त्याने एक सुंदर निरीक्षण नोंदवलं आहे. एका मुसलमान विचारवंताच्या मते शतरंज शोधणारा मुअतज़िली असला पाहिजे, कारण तिथे प्रत्येक चाल खेळणाऱ्याच्या हातात आहे. नर्द शोधणारा मात्र जबरी असला पाहिजे, कारण फासा पडेल त्यापुढे अकलेचं काही चालत नाही.

हा नुसता विनोद नव्हता. त्या काळी बसरा आणि बगदादमध्ये जबर आणि इख्तियार यांवर मोठा वाद पेटलेला होता. माणूस जे करतो ते आधीच लिहिलेलं असेल, तर त्याला जाब कसा विचारायचा? आणि तो पूर्ण स्वतंत्र असेल, तर अल्लाहच्या कुदरतीचं काय? मुअतज़िलांनी माणसाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली. इमाम अबुल हसन अल-अशअरी यांनी ‘कस्ब’ची मांडणी केली. कृती निर्माण करणारा अल्लाह, पण ती कमावणारा, आपलीशी करणारा माणूस. आपल्याकडचे बहुतेक हनफी ज्या इमाम मातुरीदींना मानतात, त्यांनी माणसाच्या इख्तियारला अधिक ठळक जागा दिली. फिकहमध्येही तेच सूत्र आहे. जबरदस्तीने करायला लावलेल्या कृतीचा हिशेब मर्ज़ीने केलेल्या कृतीसारखा होत नाही.

म्हणजे ‘जो नसीब में होगा’ हे वाक्य आपण दीनच्या नावावर खपवतो, पण आपल्या उलेमांनी ते एवढ्या स्वस्तात कधीच सोडलेलं नव्हतं.

मोक्षपट आणि बाशिम सरकार

महाराष्ट्रात सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. घराघरात सद्गुण-दुर्गुण लिहिलेले, कवड्या टाकायच्या आणि दान पडेल तसं चढायचं किंवा उतरायचं. सूफींनीही असा पट केला. त्यात नफ्सच्या सापांतून वाट काढत रूह अर्शच्या दिशेने जाते. अरबीत त्याचं नाव ‘शतरंज अल-आरिफीन’.

नाव शतरंजचं, पण चाल कवड्यांची. इथे खेळणारा दयेच्या घरात पोहोचतो तो दया केल्यामुळे नाही, तर चार पडल्यामुळे. खेळातून गुणांची ओळख होते, पण गुण निवडावा लागत नाही. सूफीच्या नजरेने पाहिलं तर यातही अर्थ आहे. बंदा चढतो तो फ़ज़लने, स्वतःच्या ऐपतीने नव्हे. पण तुम्ही दयाळू आहात का, हे हा पट कधीच विचारत नाही.

तो प्रश्न विचारण्याची कल्पना सापडते ती अकबराच्या दरबारात. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फज़लने खेळांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यात चौपट आहे, गंजिफाचे पत्ते आहेत. बादशहा करमणुकीतून माणसं पारखतो, असं तो सांगतो. हरताना माणूस कसा वागतो, जिंकताना कसा, हे पटावर कळतं. आणि याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या यादीत ‘सरकार बाशिम’ आहे, म्हणजे आपलं वाशिम. पुढे इंग्रजी अमलातही बाशिम जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला.

खेळ माणसाची पारख करतो, ही ती कल्पना. रोल-प्लेइंग गेमच्या मुळाशी हीच आहे.

आंधळी दुकानदारीण

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. पट-सोंगट्यांच्या लढाईच्या खेळातून तो निघाला. पण इथे प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि ‘मी आता हे करतो’ असं तोंडाने सांगतो. गोष्ट चालवणारा एक जण त्यावर परिणाम सांगतो. फासे आहेतच, पण फासा कशासाठी टाकायचा ते खेळाडू ठरवतो. नर्द आणि शतरंज एकाच मेजावर आले. आणि सर्वसेनाला जे करता येत होतं ते श्रोत्यालाही करता येऊ लागलं.

संगणकावर याचा नैतिक वापर ठळकपणे केला तो रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा ४’ने, १९८५ मध्ये. यात मारायला शेवटचा खलनायक नाही. सचोटी, करुणा, न्याय, नम्रता अशा आठ गुणांत पारंगत व्हायचं, एवढंच ध्येय. सुरुवातीलाच कोड्यात टाकणारे प्रश्न येतात. दोन चांगल्या गोष्टींतून एक निवडायची असते. पुढे एक आंधळी दुकानदारीण भेटते. जडीबुटी घ्यायची आणि पैसे किती देतोय ते खेळाडूनेच टाकायचं. कमी टाकले तरी तिला दिसत नाही. गेम त्या क्षणी काहीच बोलत नाही. पण आत कुठेतरी तुमची सचोटी घटते आणि खूप पुढे गेल्यावर वाट अडते.

कुरआनमध्ये माप मारणाऱ्यांवर एक आख्खी सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. मोंढ्यात सोयाबीनचं माप पाहिलेल्या वाशिमकराला तिचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. कोणी पाहत नसताना काट्यावर तुमचा हात कुठे असतो, हाच तो प्रश्न.

या गेममुळे निवड अर्थपूर्ण कशी होते ते नेमकं कळतं. एक, दोन्ही पर्यायांना काहीतरी वजन असावं लागतं. एका बाजूला उघड पुण्य आणि दुसऱ्या बाजूला उघड पाप असेल तर तो प्रश्नच नव्हे. दोन, परिणाम आधी पूर्ण कळता कामा नये. तीन, केलेलं टिकून राहायला हवं. आणि चार, त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, हे दिसायला हवं.

यांतली तिसरी अट सगळ्यात अवघड. बायोवेअर कंपनीच्या ‘मास इफेक्ट’ या तीन भागांच्या गेमने (२००७ ते २०१२) पहिल्या भागातले निर्णय तिसऱ्यापर्यंत नेले. लोकांनी पाच वर्षं जीव लावला. पण शेवट पाहून हजारो खेळाडू संतापले. एवढ्या निवडी केल्या, आणि अखेर तीन जवळपास सारख्याच दारांतून एक निवडायचं? कंपनीला त्याच वर्षी वाढीव शेवट फुकट द्यावा लागला. लोकांना सुखान्त हवा होता असं नव्हे. आपण केलेल्या निवडींचा हिशेब कोणीतरी ठेवलाय, हे त्यांना पाहायचं होतं.

‘अंडरटेल’ने उलट टोक गाठलं. इतर गेममध्ये चुकलं की मागे जाऊन पुन्हा खेळता येतं. इथेही येतं, पण गेम विसरत नाही. भाच्याला छळत होतं ते हेच.

पर्याय कोणाला मिळतो

इथवरची गोष्ट कौतुकाची झाली. पण एक प्रश्न राहतो. गोष्टीत निवड कोण करतं, आणि कोणावर केली जाते?

प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले अभ्यासक वित शिस्लर यांनी युरोप-अमेरिकेच्या गेममधल्या अरब आणि मुसलमान पात्रांचा अभ्यास केला. बहुतेक ठिकाणी हे पात्र म्हणजे डोक्याला रुमाल बांधलेला, नाव नसलेला शत्रू. त्याला घर नाही, आई नाही, संवाद नाही. खेळणाऱ्याला त्याच्याबाबत एकच कृती उपलब्ध, गोळी घालणे. ज्या माध्यमाची सगळी ताकद ‘तू काय करशील?’ या प्रश्नात आहे, तिथे मुसलमानाला तो प्रश्नच विचारला जात नाही.

याला उत्तर आलं ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांच्याकडून. अब्दुल्लाह करम हा सीरियाचा तरुण कलाकार २०१४ मध्ये युद्धातून पळाला. ऑस्ट्रियातल्या एका छोट्या संस्थेबरोबर त्याने २०१७ मध्ये ‘पाथ आउट’ केला. जुन्या जपानी रोल-प्लेइंग गेमसारखा दिसणारा हा खेळ त्याच्याच पळण्याची गोष्ट सांगतो. तुम्ही चुकीचं पाऊल टाकलं की पडद्याच्या कोपऱ्यात खरा अब्दुल्लाह येतो आणि तुमची फिरकी घेतो. तो जिवंत आहे, कारण त्याने ते पाऊल टाकलं नव्हतं.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये ‘बरी मी, माय लव्ह’ हा गेम निघाला. नूर सीरिया सोडून युरोपकडे निघते. तुम्ही तिचा नवरा मज्द, मागे राहिलेला. मोबाइलवरच्या निरोपांतून तिला सल्ला द्यायचा, बस. ती कधी ऐकते, कधी नाही. कधी तिचा फोनच बंद असतो. तब्बल १९ शेवट आहेत, आणि तिथे सगळं चांगलंच होत नाही. आखातात माणूस गेलेल्या आपल्याकडच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. सल्ला द्यायचा, दुआ करायची आणि निळ्या खुणेची वाट पाहायची.

आपल्याकडे काय झालं? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. देखणा आहे, पण त्याची गोष्ट एकाच वाटेने जाते. त्याआधी २०१४ मध्ये भारतीय हातांनीच केलेला ‘अनरेस्ट’ आला होता. प्राचीन भारतासारख्या एका काल्पनिक नगरातला दुष्काळ त्यात आहे. त्यातली एक नायिका शेतकऱ्याची मुलगी आहे आणि तिचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं आहे. ती काय बोलेल, किती झुकेल, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात ही मुलगी सापडेल, आणि तिच्यासमोरचे पर्याय खऱ्या आयुष्यात त्या गेमपेक्षा कमीच असतील.

हा मुद्दा मला सोडवत नाही. २०१८ मध्ये वाशिम नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. आकांक्षित म्हणजे, सरळ बोलायचं तर, मागे राहिलेला. इथल्या पोराला तू निवडायला मोकळा आहेस, असं नुसतं म्हणणंही एक प्रकारचा खोटेपणाच. गेममध्ये कधीकधी तीन उत्तरं दिसतात आणि कोणतंही निवडलं तरी समोरचा तेच वाक्य बोलतो. आपल्या मुलांना आयुष्यातही असे पर्याय पुष्कळ मिळतात. घर भाड्याने मागायला गेलेल्या पोराने आपलं नाव कसंही सांगितलं, तरी उत्तर एकच येतं.

पण म्हणून फासा हेच सत्य आणि चाल खोटी, असं होत नाही. अशअरींच्या कस्बकडे मी पुन्हा पाहतो. उपमा ही उपमाच असते, तिला फार ताणू नये. तरीही, गेममधल्या सगळ्या वाटा कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या असतात. खेळणारा एकही नवी वाट तयार करत नाही. मात्र त्यांतली कोणती त्याची झाली, ते तोच ठरवतो, आणि हिशेब त्याच्या नावावर पडतो. दान काय पडलं, हे सारीपाट खेळणाऱ्याला कोणी विचारत नाही. पडलेल्या दानावर कोणती सोंगटी हलवलीस, हे विचारतात.

अनंतवर्म्याला फासे चांगले पडले होते. राज्य होतं, शहाणा मंत्री होता. त्याची चाल चुकली. अब्दुल्लाह करमला फासे फार वाईट पडले. त्याची चाल बरोबर निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो असताना मी भाच्याला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘तोरिएलचं काय केलंस?’ तो म्हणाला, ‘सोडली. पण खूप वेळ लागला. पुन्हा पुन्हा दयाच निवडावी लागते, ती लगेच मानत नाही. मग शेवटी ती स्वतःच बाजूला होते आणि मिठी मारते.’ बहीण चहा गाळत होती. तिने विचारलं, ‘कोण ही तोरिएल?’

भाचा जरा गप्प झाला. मग फॉर्मचा कागद काढून तिच्यासमोर ठेवला. पहिला पर्याय पुण्याचा होता, दुसरा अमरावतीचा आणि तिसरा वाशिमचा. म्हणाला, ‘अम्मी, बैठो. बात करनी है।’

ती बसली. बोलणं बराच वेळ चाललं आणि त्या दिवशी काही ठरलं नाही. पण त्या तासाभरात नशिबाचं नाव दोघांपैकी कोणीच काढलं नाही.